नाणेघाटातला रांजण आणि अर्थशास्त्राचे ग्रंथ

दिवाळी अंकात अर्थशास्त्रावर लिहावयाचे म्हणजे चकल्या-कडबोळ्यांच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. तरीही संपादकांनी आग्रह धरला आणि मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. याचे कारण असे की, २०२३ सालापासून आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात कांद्याटोमॅटोच्या निमित्ताने जे काही घडले, त्याने माझ्या कपाटातल्या काही जुन्या-नव्या ग्रंथांकडे मला पुन्हा वळविले. त्या ग्रंथांत जे लिहिले आहे ते आमच्या शिवारात खरे ठरते की नाही, हे ताडून पाहावे असे मला वाटले. मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे. परंतु ग्रंथाची पारख करावयाला ग्रंथकाराच्या पंक्तीला बसलेच पाहिजे असे थोडेच आहे? स्वयंपाक कसा झाला हे जेवणाराही सांगू शकतो.

प्रश्न तसा साधा आहे. जगाचा बाजार एक झाला, माल आणि पैसा सीमा ओलांडून मोकळेपणी वाहू लागला, म्हणजे देशाची भरभराट होते काय? आणि होत असेल, तर एका देशाची होते नि दुसऱ्याची का होत नाही? या व्यवहाराला हल्ली 'जागतिकीकरण' असे पल्लेदार नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. निदान जुन्नरकरांना तरी ती नवी म्हणता येणार नाही.

नाणेघाटात जे गेले असतील त्यांना घाटमाथ्यावरचे ते लेणे आठवत असेल. आत भिंतीवर ब्राह्मी लिपीत सातवाहनांची राणी नागणिका हिचा मोठा लेख कोरलेला आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा लेख असे सामान्यतः मानतात. त्यात यज्ञांची नावे आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे आहेत. गाई, घोडे, हत्ती, गावे आणि हजारो कार्षापण. वाङ्मय म्हणून पाहिले तर लेख रुक्ष आहे; पण रुक्ष लेखही कधी कधी बोलतात. एवढे कार्षापण एका घाटमाथ्यावर कोठून आले, हा प्रश्न तो लेख वाचणाऱ्याच्या मनात उभा राहतोच. बाहेर आले की दगडाचा एक भलामोठा रांजण दिसतो. घाटाने जाणाऱ्या मालाची जकात या रांजणात टाकीत, असे लोक सांगतात. ते अक्षरशः खरे असो वा नसो, घाटाखाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे, घाटावर जुन्नर, आणि पुढे पैठण व तेर अशी ती व्यापाराची वाट होती, यात संशय नाही.

त्या वाटेने आलेल्यांच्या खुणा जुन्नरच्या डोंगरांत आहेत. गावाच्या भोवती दोनशेवर लेणी आहेत. लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला जाणारी आपली कुटुंबे त्यांतली थोडीबहुत पाहतात, पण त्यांवरचे लेख वाचायला कोणी थांबत नाही. थांबले तर गंमत वाटेल. इरिल, चिट आणि चंद या नावांचे तीन यवन तेथे दाते म्हणून नोंदलेले आहेत. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भोजनमंडप दिला. ग्रीक म्हणा, पश्चिमेकडचे परदेशी म्हणा, पण दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरात परदेशी गृहस्थ बौद्ध भिक्षूंच्या जेवणाची सोय करीत होते. आणि त्यांच्याच शेजारी धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचीही नावे येतात. म्हणजे बाहेरच्या बाजारातून आलेली लक्ष्मी गावातल्या कारागिरांच्या आणि दुकानदारांच्या संस्थांपर्यंत पोचली होती. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

त्याच सुमारास इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वाटाडी पोथी लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा ग्रंथ मला फार आवडतो, कारण लिहिणाऱ्याला आपण ग्रंथ लिहीत आहोत याची गंधवार्ता नाही. कोठे काय विकते, कोठे काय मिळते, कोणता राजा त्रास देतो, एवढेच तो सांगतो. कल्याणविषयी तो म्हणतो की, पूर्वी हे बंदर चांगले चालत असे. पण पुढे त्यावर निर्बंध आले, आणि आता एखादे ग्रीक जहाज चुकून तेथे शिरले तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाते. हे वाक्य वाचताना मला हसू आले. निर्यातबंदी काही दिल्लीच्या बाबूंनी शोधून काढलेली नाही! दोन राजवटींच्या भांडणात कल्याणचे दार बंद झाले. दार बंद झाल्यावर नाणेघाटाच्या माथ्यावर हमालाच्या चुलीत काय शिजले असेल, हे मात्र पेरिप्लसकाराने लिहिले नाही, आणि नागणिकेनेही नाही. त्या बाजूला रोमचा प्लिनी तक्रार करीत होता की, आपल्या साम्राज्यातून दरसाल पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थान खेचून नेतो. दोन्हीकडचे मोठे लोक बोलले. ओझे वाहणारा बोलला नाही.

चौदा शतकांनंतर जुन्नरात आणखी एक परदेशी आला. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन. बहामनी अमदानीत, १४७० च्या सुमारास, तो चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. विकायला त्याने एक घोडा आणला होता. पावसाळा त्याने जुन्नरातच काढला. तेथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो असे सांगितले. खुरासानच्या एका भल्या मुसलमान गृहस्थाने मध्यस्थी केली, म्हणून निकितिनचा घोडाही वाचला आणि धर्मही वाचला. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या त्याच्या टिपणांत आपल्या मुलखाचे वर्णन आहे म्हणून आपण कौतुकाने वाचतो. पण मला त्यातली व्यापाऱ्याची निराशा अधिक मोलाची वाटते. त्याला लोकांनी सांगितले होते की, हिंदुस्थानात तुमच्या देशाला लागेल तो माल मुबलक आहे. प्रत्यक्षात त्याला त्याच्या देशाजोगे काही सापडले नाही. मिरी आणि रंग स्वस्त होते, पण वाटेत जकाती फार आणि समुद्रात चाचे फार. बाजार मोठा असतो, पण तो सगळ्यांचा नसतो, ही गोष्ट निकितिनने एका घोड्याच्या किमतीत शिकून घेतली.

आता आपल्या भाषेतल्या ग्रंथांकडे येतो. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पुरा झाला. 'दीनबंधू'त त्याची आरंभीची प्रकरणे आली आणि पुढची छापली गेली नाहीत, त्यामुळे जोतीराव संतापले होते हे सर्वश्रुत आहे. परंतु आमच्याकडच्या लोकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे. ग्रंथ लिहीत असतानाच जोतीरावांनी तो गावोगावी लोकांना वाचून दाखविला, आणि त्या गावांत जुन्नर आणि ओतूर ही दोन्ही होती. अर्थशास्त्राचा ग्रंथ आधी शेतकऱ्यांना ऐकवावा आणि मग छापावा, ही रीत पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी उचलली असती तर किती बरे झाले असते!

'असूडा'तला एक धागा असा आहे की, विलायतेच्या यंत्रांवर निघालेला स्वस्त माल येथे आल्यामुळे आमचे कारागीर उपाशी मरू लागले, ते शेतीकडे वळले, आणि जमिनीवरचा भार वाढला. जुन्नरात त्याचा दाखला आहे. पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी कागदाला मान होता. गावातली कागदी मंडळी तो हाताने तयार करीत. गिरणीचा कागद आला आणि तो धंदा बसला. आज जुन्नरी कागद पाहावयाचा तर दफ्तरखान्यात जावे लागते. जोतीरावांचे निदान येथे तंतोतंत लागू पडते.

परंतु 'असूड' वाचून जे लोक जोतीरावांना परदेशी व्यापाराचे सरसकट वैरी ठरवितात, त्यांनी शेवटचे प्रकरण मन लावून वाचलेले दिसत नाही. तेथे ते सरकारला सुचवितात की, परदेशांतून चांगल्या जातीच्या शेळ्यामेंढ्यांची बेणी आणावी आणि शेतकऱ्यांच्या मुलांना बाहेरचे शेतीचे ज्ञान मिळावे. आणि त्याच्याच जोडीला ते डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याविषयी बोलतात. म्हणजे बाहेरची विद्या, बाहेरचे वाण त्यांना हवे होते. त्यांचे भांडण होते ते तयारी न करता उघडलेल्या दाराशी. माझ्या मते 'असूडा'तले हे प्रकरण आजही सर्वांत ताजे आहे. त्याची भाषा कोठे कोठे सैल आहे, एकाच जातीच्या माथ्यावर सारे खापर फोडण्याच्या भरात इंग्रजी भांडवलाकडे पाहावयाला त्यांना पुरता अवसर मिळत नाही, हेही मला म्हटले पाहिजे. तथापि त्या काळी एवढे स्वच्छ दिसलेले दुसरे कोण होते? न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात खुल्या व्यापाराचे विलायती सिद्धांत प्रत्येक देशाला सारखेच लागू पडत नाहीत हे शास्त्रीय परिभाषेत मांडले. व्याख्यान उत्तम आहे. पण ते ओतूरला कोणी वाचून दाखविले नाही.

आणि आता शरद जोशी. या लेखाचा खरा विषय तोच आहे.

आंबेगावच्या शेजारचा तालुका खेड. त्यातल्या आंबेठाणला जोशी यांनी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपालसंघाची नोकरी सोडून कोरडवाहू जमीन घेतली आणि १९८० साली चाकणला कांद्याचे आंदोलन उभे केले. त्यांचे लिखाण मराठीत आहे, आणि मराठी म्हणून ते पहिल्या प्रतीचे आहे. आकडा ते सुपारीसारखा कातरून पुढे ठेवतात. 'अंगारमळा' वाचलेल्याला हे सांगावयाला नको. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शेतकरी गरीब आहे तो आळशी म्हणून नव्हे, अडाणी म्हणूनही नव्हे. त्याच्या मालाचा भाव सरकार जाणूनबुजून खाली ठेवते म्हणून. जगात सरकारे शेतकऱ्याला अनुदान देतात, येथे शेतकऱ्याकडूनच उलटे अनुदान काढून घेतले जाते. तेव्हा जगाचा बाजार येत असेल तर येऊ द्या. डंकेल प्रस्तावाच्या वेळी, १९९० नंतरच्या त्या वर्षांत, डावे-उजवे सारे एकमुखाने विरोध करीत असताना जोशी एकटे उभे राहून स्वागत करीत होते. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि हिंदुस्थान तिचा पहिल्या दिवसापासूनचा सभासद झाला. त्या वेळी पुष्कळांनी जोशींना परदेश्यांचे हस्तक म्हटले. ते अन्यायाचे होते. धैर्य लागते तेथे त्यांनी धैर्य दाखविले.

त्यांच्या सिद्धांताची परीक्षा व्हावयाची होती ती त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आमच्याकडे झाली. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटने दोन हजार रुपये ओलांडले. वर्षानुवर्षे तोट्यात गेलेल्या घरांत त्या महिन्यात पैसा आला. ऑगस्टात सरकारने नेपाळातून टोमॅटो आणविला. सप्टेंबर उजाडेपर्यंत नवा माल येऊन भाव असा बसला की तोडणीची मजुरी सुटेना. त्याच ऑगस्टात कांद्यावर चाळीस टक्के निर्यातकर बसला. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला आठशे डॉलरची किमान निर्यातकिंमत आली. ८ डिसेंबरला निर्यात साफ बंद झाली. ती पाच महिन्यांनी, ४ मे २०२४ ला उठली, तीही चाळीस टक्के कर ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये तो कर निम्मा झाला, आणि १ एप्रिल २०२५ ला गेला. २०१९ आणि २०२० सालीही दार असेच आपटले होते.

माझी मावसबहीण मंचरच्या पूर्वेला एका खेड्यात दिली आहे. नाशिककडे ज्याला चाळ म्हणतात त्या कांदा साठविण्याच्या आडोशाला आमच्याकडे बराख म्हणतात. त्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेलो तेव्हा नवा कांदा काढणीला आला होता आणि मेहुणे खळ्यात बसून होते. मी आपला पुस्तकी बोललो, की जगात कांद्याला मागणी आहे. ते म्हणाले, "दाजी, मागणी हाय हो. पण आमच्या दाराला कडी बाहेरून लावलीय." जोशींच्या कित्येक प्रकरणांचे सार त्या एका वाक्यात आले. येथे जागतिक बाजाराने शेतकऱ्याला बुडविले नाही. त्याच्यापर्यंत पोचू न दिल्यामुळे तो बुडाला, आणि बांगलादेशापासून आखातापर्यंतची गिऱ्हाइके पाकिस्तान, चीन, इजिप्त यांच्याकडे वळली. तुटलेले गिऱ्हाईक मे महिन्यात बंदी उठली म्हणून लगेच परत येत नाही. एवढ्यापुरते जोशी खरे ठरले, पुरेपूर खरे ठरले, हे त्यांच्या विरोधकांनी मोकळ्या मनाने मान्य करावयाला हवे.

पण टीकाकाराचे काम येथेच सुरू होते. जोशींच्या लिखाणात कडी नेहमी एकाच बाजूने लावलेली असते, ती म्हणजे दिल्लीच्या. पलीकडच्या बाजूलाही कडी असते हे त्यांच्या ग्रंथांत पुरेसे येत नाही. जुन्नर तालुक्यात काळ्या, टपोऱ्या 'जम्बो' द्राक्षांच्या बागा आहेत आणि ती द्राक्षे समुद्रापार जातात. पण २०१० साली युरोपात महाराष्ट्राच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाचा अंश नियमापेक्षा अधिक आढळला, आणि कंटेनरच्या कंटेनर अडले. तोवर त्या औषधाकडे येथे कोणी संशयाने पाहिले नव्हते. नियम ठरविणारा तेथे, औषध फवारणारा येथे, आणि मधल्या काळात पिकून चाललेला माल बंदरात. खुला बाजार म्हणजे नियम नसलेला बाजार नव्हे. नियम दुसऱ्याने केलेला बाजार. निकितिनला हे ठाऊक होते.

नारायणगावाचीच दुसरी कथा द्राक्षासवाची. १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच जाणकारांच्या साहाय्याने येथे फसफसणारी वाइन तयार होऊ लागली, आणि 'ओमर खय्याम' नावाने ती विलायतेत विकली गेली. कडक सोवळ्यातल्या आमच्या वाचकांना ही गोष्ट रुचणार नाही. पण धंदा म्हणून ती कौतुकाची होती. पुढे त्या कंपनीने परदेशांतल्या कंपन्या विकत घेतल्या, २००८ ची जागतिक मंदी आली, कर्ज अंगावर आले, आणि कारभार बुडाला. ज्या वाटेने माल गेला त्याच वाटेने संकट आले. माल पाठविणे निराळे आणि परक्या पैशाच्या लाटेवर बसणे निराळे.

हा भेद अर्थशास्त्राच्या मोठ्या पंडितांनीही केलेला आहे. जोसेफ स्टिग्लिट्झ हे जागतिक बँकेचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ होते. २००१ साली त्यांना नोबेल मिळाले आणि २००२ साली त्यांनी जागतिकीकरणाविरुद्धच्या असंतोषावर ग्रंथ लिहिला. १९९७ साली थायलंडपासून सुरू झालेल्या संकटात नाणेनिधीच्या घाईने काय काय झाले याची त्यात तडफदार हजेरी घेतली आहे. जगदीश भगवती यांनी २००४ साली उलट बाजू लढविली. व्यापाराने वाढ होते, वाढीने दारिद्र्य हटते, असे त्यांचे प्रतिपादन. गंमत अशी की, चंचल भांडवलाला मोकाट सोडू नये हे भगवतीही सांगतात. दोन्ही ग्रंथ वाचनीय आहेत. स्टिग्लिट्झ रागावून लिहितात, भगवती चिमटे काढीत लिहितात. माझी तक्रार दोघांविषयी एकच आहे. दोघेही 'देश' हा एकच मनुष्य असल्यासारखे बोलतात. अमुक देश सुधारला, तमुक देश मागे राहिला.

देशादेशांत अंतर पडले हे उघडच आहे. १९९० च्या सुमारास चीनचे आणि आपले दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते. आज चीनचे सुमारे पाचपट आहे. पण चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरला तो २००१ च्या डिसेंबरात. त्याच्या आधी वीस-बावीस वर्षे, १९७८ पासून, त्याने शेतकरी कुटुंबांना जमीन कसण्याची मोकळीक दिली होती, गावागावांत लहान कारखाने काढू दिले होते, शाळा आणि दवाखाने त्याहीपूर्वी पसरले होते. दार उघडण्यापूर्वी घर सारवून घेतले. तेथल्या राजवटीचे गोडवे मला गावयाचे नाहीत. पण जोतीरावांच्या शेवटच्या प्रकरणाचे अक्षर न अक्षर कोणी पाळले असेल तर ते 'असूड' कधी न वाचलेल्या लोकांनी, हे पाहून मन खट्टू होते खरे.

आणि इतके दूर जावयाला तरी कशाला हवे? जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतच जगातले सगळे देश आहेत. मधल्या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाचे पाणी आहे, पुणे-नाशिक रस्ता आहे, सोसायट्या, बँका, साखर कारखाने आहेत. तेथे बाजार खुला झाला की बंगले उठतात. पूर्वेला पाणी जेथे पोचले तेथवर बरे, पुढे कोरड. आणि पश्चिमेला डोंगर. पाऊस तेथेच सर्वांत जास्त, धरणेही तेथेच. डिंभ्याच्या पाण्याखाली तर ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगावच गेले. ते पाणी कालव्याने पूर्वेकडे जाते. वर राहिलेल्या महादेव कोळी कुटुंबांना उन्हाळ्यात हंडा घेऊन उतरावे लागते.

त्या डोंगरात हिरडा पिकतो. आहुपे खोरे, भीमाशंकरचा परिसर, इकडे नाणेघाटाच्या तोंडावरचे घाटघर. हिरडा म्हणजे आपल्या त्रिफळाचूर्णातला तिसरा भाग, एवढेच घरोघर ठाऊक असते. पण कातडी कमावण्यासाठी हिरडा इंग्रज अमदानीपासून जहाजात भरून विलायतेला जात आलेला आहे. म्हणजे कांदा, द्राक्ष यांचा विचारही नव्हता तेव्हापासून आमचा सर्वांत गरीब मनुष्य जागतिक बाजाराशी बांधला गेलेला आहे! दार त्याला कधी बंद नव्हते. शंभराहून अधिक वर्षे ते उघडेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमने कातडी कमावण्याची युक्ती निघाली आणि हिरड्याची मातबरी घटली, तेव्हा त्याला कोणी विचारले नाही. अलीकडे औषधांसाठी कोवळ्या, वाळविलेल्या बाळहिरड्याला मागणी आली, तेव्हाही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने झाडेच्या झाडे उन्मळून टाकली. सातबाऱ्यावर पिकांच्या रकान्यात हिरडा नसल्याने भरपाईसाठी या लोकांना पुढे वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले.

येथे जोशींचा सिद्धांत थांबतो. त्यांचा शेतकरी माल विकतो, भाव मागतो, रस्ता अडवितो. हिरडा वेचणाऱ्या बाईचा माल पोत्यात भरल्यावर कोठे जातो हे तिला कोणी सांगितलेले नसते. भाव तिला दारात आलेला व्यापारी सांगतो. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी आली की भाव सुधारतो, नाही आली की पडतो. खुला बाजार आणि बंद बाजार हा वाद तिच्या अंगणात पोचलेलाच नाही. तिला हवे आहे ते वजनकाटा ताब्यात असलेले आपले स्वतःचे काही मंडळ, वाळवणाला छप्पर, आणि घेणाऱ्याशी मुंबईला थेट बोलणी. जुन्नरच्या लेखांतल्या बांबूकाम करणाऱ्यांपाशी अशी श्रेणी होती. लोक विश्वासाने तिच्याकडे पैसे ठेवीत आणि तिच्या शब्दाची नोंद दगडात होत असे. यवन आले तेव्हा कारागीर एकेकटा नव्हता. मघाशी जो मुद्दा ध्यानात ठेवावयाला सांगितला तो हाच, आणि अर्थशास्त्राच्या नव्या ग्रंथांत तो मला फार शोधावा लागला. स्टिग्लिट्झ संस्थांविषयी बोलतात, पण त्या वॉशिंग्टनच्या. घाटघरच्या नव्हेत.

तेव्हा माझा अभिप्राय असा. 'असूड' पुन्हा वाचावा, विशेषतः शेवटून. जोशी अवश्य वाचावेत, आणि २०२३-२४ च्या निर्यातबंदीच्या तारखा त्यांच्या पानांच्या समासात लिहून ठेवाव्यात. पण डोंगराकडे पाहताना त्यांचा चष्मा काढून ठेवावा. पेरिप्लस आणि निकितिन मुलांना वाचून दाखवावेत, त्यांना घोड्याची गोष्ट आवडेल. भगवती आणि स्टिग्लिट्झ यांपैकी एकच वाचावयाला सवड असेल तर स्टिग्लिट्झ. आणि ज्यांना सुट्टीत लेण्याद्रीला जावयाचे आहे त्यांनी तसेच पुढे घाटघरला जावे. वाटेत अंगणात हिरडा वाळत घातलेला दिसेल तो मोसम मात्र उन्हाळ्याचा. दिवाळीत तेथे भात कापणीला आलेला असतो. नाणेघाटातला रांजण बारा महिने तेथेच आहे. त्यात हल्ली पावसाचे पाणी साचते.